शामियाना की कनात?

एखाद्या वडाला आपण ‘डेरेदार’ म्हणतो. मंत्री गावात येऊन ‘डेरेदाखल’ होतात. पाहुणा ‘तळ ठोकतो’, दुकानदार ‘गाशा गुंडाळतो’, आणि सभेला जमलेल्या फालतू गर्दीला कोणी ‘बाजारबुणगे’ म्हणून मोकळा होतो. हे सगळे शब्द एकाच ठिकाणाहून आले आहेत. ते ठिकाण म्हणजे लष्कराची छावणी. घरात राहणाऱ्या माणसांच्या भाषेत तंबूचे इतके शब्द शिरावेत, यावरून आपल्या मुलखाने किती काळ तंबूंचा शेजार केला असेल, याची कल्पना येते.

आता तंबू पुन्हा वेगळ्या रूपात येऊ लागला आहे. मोटारीच्या मागे जोडायची, आत दोन माणसे झोपू शकतील अशी चाकांवरची छोटी खोली काही हौशी प्रवासी वापरतात. महाराष्ट्र शासनाने २०२१मध्ये अशा फिरत्या घरांच्या पर्यटनासाठी धोरणही आखले. या खोलीत झोपता येते, पण बसणे-उठणे, स्वयंपाक यांसाठी जागा नसते. म्हणून तिच्या बाजूला कापडाचा आडोसा जोडतात. तो घेताना प्रश्न पडतो, की वर नुसते छप्पर ताणावे, की चारी बाजूंनी बंद होणारा तंबू जोडावा? छप्पर हलके आणि झटपट, पण वारा-पावसाला उघडे. बंद तंबू सुरक्षित, पण जड आणि वेळखाऊ.

प्रश्न नवा वाटतो, पण तो आपल्या भागात साडेतीनशे वर्षांपूर्वी प्रचंड प्रमाणावर सोडवला गेला होता. छप्पर म्हणजे शामियाना आणि बाजूची भिंत म्हणजे कनात. या दोन्हींची निवड करताना काय जमले आणि काय चुकले, हे पाहण्यासारखे आहे.

राजधानी सोडून निघालेला बादशहा

मलिक अंबरने १६१०मध्ये खडकी हे शहर वसवले. औरंगजेब दख्खनचा सुभेदार असताना, १६५३च्या सुमारास, त्याचे नाव औरंगाबाद झाले. तेच आजचे छत्रपती संभाजीनगर. १६८२च्या मार्चमध्ये औरंगजेब बादशहा म्हणून या शहरात परत आला. पुढच्या वर्षाच्या अखेरीस तो अहमदनगरकडे निघाला आणि त्यानंतर उत्तरेत परत गेलाच नाही. विजापूर, गोवळकोंडा, भीमाकाठची ब्रह्मपुरी, सातारा, पन्हाळा असा त्याचा मुक्काम हलत राहिला. १७०७मध्ये अहमदनगरजवळ त्याचा मृत्यू झाला आणि खुलदाबादला दफन झाले. म्हणजे जवळजवळ पंचवीस वर्षे एका मोठ्या साम्राज्याचा कारभार मुख्यतः तंबूतून चालला.

१६९५मध्ये इटालियन प्रवासी जेमेली कारेरी याने कृष्णाकाठी गलगली येथे ही छावणी पाहिली. तिचा घेर तीस मैल, म्हणजे सुमारे ४८ किलोमीटर असल्याचे त्याने नोंदवले आहे. बाजार, कारागीर, व्यापारी, जनावरे यांच्यासह ते एक चालते शहरच होते.

या शहराची घरे कशी होती? त्यासाठी दोन चांगली साधने आहेत. एक, अकबराच्या काळात अबुल फजलने लिहिलेली ‘आईन-ए-अकबरी’. दुसरे, औरंगजेबाबरोबर १६६४-६५मध्ये दिल्लीहून काश्मीरकडे गेलेला फ्रेंच वैद्य बर्निए याचे प्रवासवर्णन.

बारा गजांची मर्यादा

‘आईन’मध्ये तंबूंचे अनेक प्रकार दिले आहेत. त्यांत बारगाह आहे, खांबांवरची रावटी आहे (आपली ‘राहुटी’ याच नावाशी जुळते) आणि शामियानाही आहे. शामियान्याबद्दल अबुल फजल एक छोटी पण मोलाची गोष्ट सांगतो. शामियाने निरनिराळ्या आकारांचे असत, मात्र बारा गज लांब-रुंद यापेक्षा मोठा शामियाना कधी करत नसत.

ज्याच्याकडे पैशाला आणि माणसांना तोटा नाही, त्याने बारा गजांवर का थांबावे? अबुल फजल कारण देत नाही, पण आपण गणित करून पाहू शकतो.

त्या काळचा इलाही गज सुमारे ८३ सेंटिमीटरचा होता. म्हणजे बारा गज सुमारे १० मीटर आणि पूर्ण शामियान्याचे क्षेत्रफळ सुमारे १०० चौरस मीटर. वाऱ्याचा दाब काढायचे सूत्र सोपे आहे: हवेच्या घनतेची निम्मी किंमत गुणिले वेगाचा वर्ग. ताशी ४० किलोमीटरचा वारा, म्हणजे सेकंदाला ११ मीटर. हवेची घनता घनमीटरला १.२ किलोग्रॅम धरली, तर दाब येतो चौरस मीटरला सुमारे ७५ न्यूटन. म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवर साधारण साडेसात किलो वजनाइतका. कापड आडवे आणि घट्ट ताणलेले असेल, तर त्यावर एवढा भार येत नाही. पण एक कड सुटून कापड शिडासारखे वाऱ्यासमोर उभे राहिले, की १०० चौरस मीटरवर ७५० किलोचा ओढा बसतो.

कडेने दर दोन मीटरला एक तणावा बांधला आहे असे समजू. घेर ४० मीटर, म्हणून तणावे २०. प्रत्येकावर सुमारे ३७ किलो. हे एका लाकडी मेखेला पेलण्यासारखे आहे.

आता शामियाना २४ गजांचा करून पाहा. लांबी-रुंदी दुप्पट झाली, म्हणून क्षेत्रफळ चौपट, भार ३००० किलो. पण घेर मात्र दुप्पटच, म्हणून तणावे ४०. प्रत्येकावर ७५ किलो. म्हणजे कापड वाढवले, की प्रत्येक दोरीचा आणि मेखेचा त्रासही वाढतो, कारण वारा क्षेत्रफळावर येतो आणि आपण त्याला धरतो ते कडेवर. शिवाय वाऱ्याचा वेग दुप्पट झाला, तर दाब चौपट होतो. फरासांना हे सूत्र माहीत नव्हते. उडालेले शामियाने पुन्हा बांधून बांधून ते मर्यादा शिकले असणार.

यापेक्षा मोठे छप्पर हवे असेल तर आत खांब वाढवावे लागतात, आणि मग काम वाढते. दहा हजारांहून अधिक माणसे मावतील असा मोठा बारगाह उभारायला एक हजार फरासांना, यंत्रांची मदत घेऊनही, एक आठवडा लागे, असे ‘आईन’ सांगते.

एकमेकांवर रेललेले खांब

कनातीचे गणित याहून वेगळे आहे. शामियाना वारा खालून उचलतो, तर कनातीला तो सरळ ढकलतो. बर्निए सांगतो, की बादशाही डेऱ्यांभोवतीच्या कनाती सात-आठ फूट उंच होत्या. दर दहा पावलांवर खांबांची जोडी होती. एक खांब आतून, एक बाहेरून, आणि दोन्ही एकमेकांवर रेललेले.

ही रचना फळ्यावर काढून दाखवावी. जमिनीत पुरलेला एकटा खांब वाऱ्याने ढकलला, की तो तळाशी तरफेसारखा उखडतो. दोन खांब रेलून ठेवले, की जमिनीसह त्रिकोण तयार होतो. चौकोन दाबला तर वाकडा होतो, त्रिकोणाचा आकार मात्र बाजूंची लांबी बदलल्याशिवाय बदलत नाही. वारा कोणत्याही बाजूने आला तरी एक खांब दाब घेतो. शेतातल्या माचणीत आणि सायकलच्या सांगाड्यातही हेच तत्त्व दिसते.

आणखी एक गोष्ट बर्निएने टिपली आहे. तंबूंचे बाहेरचे कापड लाल होते आणि आतून मच्छलीपट्टणचे हाताने रंगवलेले छीट लावलेले होते. हे शोभेसाठी होते हे खरेच, पण दुहेरी कापडाचा दुसराही उपयोग होतो. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात एकेरी कापडाखाली बसून पाहा. सावली असूनही डोक्यावर धग जाणवते, कारण तापलेले कापड स्वतःच खाली उष्णता टाकते. त्याखाली थोडे अंतर सोडून दुसरे कापड असेल, तर ती धग आतले कापड अडवते आणि मधली हवा इन्सुलेशनचे काम करते. वरच्या बाजूला फट असेल तर गरम हवा निघूनही जाते.

दोन संच आणि त्यांचे ओझे

उभारायला इतका वेळ लागतो, तर रोज मुक्काम हलवायचा कसा? उपाय होता ‘पेशखाना’. तंबूंचे दोन पूर्ण संच असत. बादशहा एकात असताना दुसरा संच एक दिवस पुढे जाऊन उभा राहिलेला असे. बर्निएच्या मते अशा प्रत्येक संचाला साठाहून अधिक हत्ती, दोनशे उंट, शंभर खेचरे आणि शंभर हमाल लागत. अकबराच्या एका मुक्कामासाठी ‘आईन’ने शंभर हत्ती, पाचशे उंट, चारशे गाड्या आणि शंभर हमाल मोजले आहेत. वर एक हजार फरास, पाचशे बेलदार, शंभर भिस्ती, दीडशे झाडूवाले.

येथे मुद्दा लक्षात घ्यावा. जडपणाची अडचण तंबू हलका करून सोडवली नाही, दुसरा तेवढाच जड तंबू घेऊन सोडवली. उत्तरेच्या सपाट मैदानात, कोरड्या ऋतूत, रुंद रस्त्यांवर हे चालून गेले. दख्खनमध्ये चालले नाही.

काळी जमीन

मराठवाड्यातली आणि भीमेच्या खोऱ्यातली काळी जमीन शेतकऱ्याला प्रिय, पण तंबूवाल्याला वैरीण. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसून भेगाळते. उन्हाळ्यात भेगांमुळे मेख नीट बसत नाही. पावसाळ्यात मेख लोण्यात खुपसल्यासारखी आत जाते आणि तितक्याच सहज वर येते.

त्यात दोरीची भर पडते. सुताच्या किंवा तागाच्या पिळाच्या दोऱ्या भिजल्या की धागे फुगतात, दोरी जाड होते आणि लांबीला आखडते. म्हणजे जमीन मऊ होते नेमक्या त्याच वेळी तणावे घट्ट ओढू लागतात. म्हणून जाणता मांडववाला सर येताना तणावे थोडे सैल करतो. सुती कापडाचे मात्र याच गुणामुळे भले होते. धागे फुगून विणीतली भोके बुजतात आणि पाणी वरून ओघळून जाते. फक्त कापडाला उतार हवा. खोलगट भागात तीन चौरस मीटरवर पाच सेंटिमीटर पाणी साचले, तरी ते दीडशे लिटर, म्हणजे दीडशे किलो होते.

१७००च्या ऑक्टोबरात बादशाही छावणी माण नदीकाठी खवासपूरला होती. नदी कोरडी म्हणून तंबू दोन्ही काठांवर आणि पात्रातल्या वाळूतही पसरलेले होते. वरच्या डोंगरांत अवेळी पाऊस झाला आणि मध्यरात्री पूर आला. माणसे, जनावरे, तंबू वाहून गेले. गोंधळात मराठेच चालून आले असे समजून ऐंशी ओलांडलेला औरंगजेब घाईने उठला, घसरला आणि त्याचा गुडघा निखळला. त्यानंतर तो कायमचा लंगडत राहिला.

१७०२मध्ये विशाळगड घेऊन परतताना ऐन पावसाळा गाठला. पन्हाळ्याच्या परिसरापर्यंतच्या जेमतेम पन्नास किलोमीटरांना महिन्याहून अधिक काळ लागला. ओढे भरलेले, जनावरे चिखलात रुतलेली, आणि पुढचे तंबू वेळेवर पोचत नसल्यामुळे मोठमोठे सरदारही उघड्यावर.

छावणी म्हणजे छावलेली जागा

मराठ्यांचे उत्तर निराळे होते. सभासदाच्या बखरीत शिवाजी महाराजांच्या लष्कराची पद्धत दिली आहे. आठ महिने मुलूखगिरी, आणि पावसाळ्यात लष्कराने आपल्या मुलखात परतायचे. तेथे दाणावैरण, औषधे यांचा साठा आणि गवताने शाकारलेली घरे आधीच तयार ठेवायची. दसरा झाला की पुन्हा कूच. ‘छावणी’ हा शब्दच छावणे, म्हणजे शाकारणे, यावरून आला आहे. पावसात कोणता तंबू वापरावा, या प्रश्नाचे उत्तर ‘कोणताच नाही’ असे त्यांनी दिले होते. मोहिमेवर बायका-कुटुंब न्यायलाही मनाई होती. ओझे कमी म्हणून वेग जास्त.

हा धडा पुढे टिकला नाही. पेशवाईत तंबू, बिछायती, कनाती सांभाळण्यासाठी स्वतंत्र फरासखाना होता. पुण्यातल्या एका पोलीस ठाण्याच्या नावात तो अजून शिल्लक आहे. १७६०च्या मार्चमध्ये जालन्याजवळच्या परतूरहून सदाशिवरावभाऊ उत्तरेला निघाले, तेव्हा बरोबर मोठे डेरे, कुटुंबे, यात्रेकरू आणि हजारो बुणगे होते. पानिपतच्या पराभवाची कारणे अनेक आहेत, पण हलकी फौज जड झाली होती, हे त्यांतले एक निश्चित आहे.

आणि बुणगे कशाखाली झोपत? हत्तींवरचे डेरे काही मोजक्यांचे. बाकीच्यांचे घर म्हणजे घोंगडी किंवा जाडेभरडे कापड काठ्यांवर टाकून केलेले पाल. औरंगाबादेत वाढलेला भीमसेन सक्सेना हा कायस्थ कारकून या मोहिमांत होता. ‘नुस्खा-ए-दिलकुशा’ या आपल्या ग्रंथात त्याने एक चटका लावणारी गोष्ट लिहिली आहे. घरापासूनच्या ताटातुटीला कंटाळून लोकांनी कुटुंबे छावणीत आणली. तेथे मुले जन्मली, तरुण झाली, म्हातारी झाली, पण त्यांनी घर कसे असते ते पाहिले नाही. तंबू हाच जगातला एकमेव निवारा, असे त्यांना वाटे.

हे वाक्य वाचताना आजची आठवण होते. मराठवाड्यातली हजारो कुटुंबे दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला निघतात आणि पाच-सहा महिने कोपीत राहतात. बांबू, पाचट, ताडपत्री यांची ती कोपी गाडीच्या शेजारीच उभी असते. शिक्षकांना ही मुले अनोळखी नाहीत. दिवाळीनंतर वर्गातली जी जागा रिकामी होते, ती त्यांचीच. हौसेने चार दिवस तंबूत राहणे आणि नाइलाजाने सहा महिने राहणे यांत कापडाचा फरक थोडा आणि निवडीच्या स्वातंत्र्याचा फरक फार मोठा आहे.

मग निवड कशी करावी?

आता पहिल्या प्रश्नाकडे येऊ. छोट्या गाडीचे छप्पर अडीच मीटर लांब आणि दोन मीटर रुंद, म्हणजे पाच चौरस मीटर धरले, तर ताशी ४० किलोमीटरच्या वाऱ्यात ते उलटून उभे राहिल्यास सुमारे ३७ किलोचा ओढा बसतो. वारा ६० झाला तर ८४ किलो. या कापडाची एक पूर्ण कड गाडीला जोडलेली असते, त्यामुळे हा ओढा हलक्या गाडीच्या पत्र्यालाही सोसावा लागतो. म्हणून वादळाची चिन्हे दिसताच छप्पर गुंडाळून ठेवणे, हेच सगळ्यांत चांगले संरक्षण.

रोज मुक्काम हलवायचा असेल तर शामियाना, म्हणजे नुसते छप्पर, पुरेसे. त्याला एका बाजूला सुटी कनात असली तर दुपारच्या तिरप्या उन्हाला आणि वाऱ्याला पाठ देता येते. एकाच जागी चार-सहा रात्री राहायचे असेल, किंवा थंडीचे दिवस असतील, तर बंद तंबू उभारण्याचे कष्ट वसूल होतात. पाऊस असेल तर आधी जमीन पाहावी. मुरमाड चढ असेल तर ठीक, काळी माती आणि ओढ्याचे पात्र टाळावे, मग ते कितीही कोरडे दिसो. पावसाळी वारा आपल्याकडे पश्चिमेकडून येतो, म्हणून तोंड पूर्वेला ठेवावे.

पैठणहून पंढरपूरला जाणाऱ्या नाथांच्या पालखीबरोबरच्या दिंड्यांना हे सांगावे लागत नाही. रोज उभारायचे आणि रोज मोडायचे असल्यामुळे त्यांच्या राहुट्या साध्या, एकसारख्या आणि चार माणसांना झटपट हाताळता येतील अशा असतात. तंबू उभा असताना सगळेच चांगले दिसतात. त्यांची परीक्षा होते ती सकाळी, ओल्या कापडाची घडी घालून ते उचलताना. उचलणारे कोण आहेत आणि किती आहेत, हे मोजून जो तंबू घेतो, त्याची निवड सहसा चुकत नाही.

वर्गात करून पाहा

१. मीटरभर सुताची पिळाची दोरी टांगून खाली दगड बांधा. लांबी मोजा. दोरी भिजवून पुन्हा मोजा. नायलॉनच्या दोरीवर तोच प्रयोग करा.

२. कोरड्या मुरमात, कोरड्या काळ्या मातीत आणि भिजलेल्या काळ्या मातीत एकसारख्या खुंट्या ठोका. स्प्रिंगच्या काट्याने ओढून कोणती किती भाराला निघते ते नोंदवा.

३. नकाशावर अहमदनगर (आजचे अहिल्यानगर), विजापूर, गलगली, ब्रह्मपुरी, खवासपूर, पन्हाळा शोधा. या ठिकाणांची पावसाळ्यातली जमीन आणि नद्या लक्षात घेऊन, चारशे गाड्या घेऊन कोणत्या महिन्यांत कोणत्या वाटेने जाता येईल, यावर चर्चा करा.

४. घरातल्या मोठ्या माणसांना विचारून पाल, राहुटी, डेरा, कोपी, मांडव, कनात या शब्दांची यादी वाढवा. प्रत्येकाखाली कोण राहते आणि किती दिवस, हेही लिहा.